सोळुंके सरांचे तीन दगड

माझं नाक डावीकडं वाकडं आहे हे मला डॉ. दिगंबर सोळुंके यांनी सांगितलं, आणि तेही आमची धड ओळख होण्याआधी. औरंगपुऱ्याजवळच्या आमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून माझा तो पहिला दिवस. ऑपरेशन थिएटरच्या दारात एक बुटका, रुंद खांद्यांचा, सावळा माणूस नुकतेच धुतलेले हात वर धरून उभा होता. मी म्हणालो, "नमस्कार सर, मी डॉ. रत्नपारखी." त्यांनी बाजारात बैल पारखावा तसं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"हाड पण वाकडं, आतला पडदा पण वाकडा. लहानपणी पडलात काय?"

मी खरंच पडलो होतो. पण पहिल्याच भेटीत ते कबूल करायचं म्हणजे जरा जास्तच झालं असतं. मी रुबाबात म्हणालो, "जन्मजात आहे."

"जन्मजात नाय. सायकल," असं म्हणून सर आत गेले.

पुढची अठरा वर्षं त्यांनी मला सुखानं श्वास घेऊ दिला नाही. मधूनच भर गर्दीत विचारायचे, "काय भूलवाले, कधी बसताय टेबलावर?" नाक सरळ करायचं ऑपरेशन टाळायला मी कधी मुलीची परीक्षा पुढं करायचो, कधी सासूबाईंचं पोट. खरं कारण सगळ्या थिएटरला ठाऊक होतं. रोज उठून दुसऱ्याला झोपवणाऱ्या या माणसाला स्वतः झोपायची भीती वाटते. आमच्या थिएटरच्या इन्चार्ज शकीला सिस्टर तर तोंडावर म्हणायच्या, "हलवाई अपनी मिठाई खुद नक्को बोलता, तो गिऱ्हाईक क्या समझना?"

सर कान-नाक-घशाचे डॉक्टर, पण त्यांचा जीव सगळा नाकात. गाव फुलंब्रीच्या पलीकडं. घरची शेती, आणि शेतीइतकंच जुनं शेजाऱ्याशी बांधाचं भांडण. सर सांगायचे की त्या भांडणापायी दोन्ही घरच्या म्हशीसुद्धा एकमेकींकडं पाठ करून बसायच्या. ते बालपण त्यांच्या डॉक्टरकीत असं मुरलं होतं, की पेशंटला नाक समजावताना त्यांना शेताशिवाय दुसरी भाषा सुचायचीच नाही.

"हे बघा काका," सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरून सर सांगायचे, "नाकाच्या दोन्ही अंगाला हाडात हे असे पोकळ वाफे असतात. याला म्हणायचं सायनस. वाफ्यातलं पाणी या बारक्या दारातून नाकात उतरतं. तुमचं दार तुंबलंय, म्हणून आत पाणी सडतंय. आपण दुर्बीण घालून नुसतं दार मोकळं करायचं. पण हिकडं बघा. हा बांध. कागदाएवढा पातळ. बांधापलीकडं डोळा. आन् वर हे छत, त्याच्यावर मेंदू. आपण आपल्या रानात काम करायचं, शेजाऱ्याचा बांध कोरायचा नाय."

"आन् चुकून कोरला तर?"

"तर शेजारी आंधळा व्हतो. आन् छत फुटलं तर वरचा मालक खाली येतो."

काका शेजारी बसलेल्या काकूंकडं बघायचे. मग काका म्हणायचे, "आमच्याकडं तर बांध कोरल्याबिगर लोकं नांगरतच नायत." सर म्हणायचे, "म्हणून तर मी डॉक्टर झालो." आणि काका हसत सही करायचे. मी अनेक डॉक्टरांना पेशंटची संमती घेताना पाहिलंय. ऑपरेशनमधली सगळ्यात वाईट गोष्ट सगळ्यात आधी सांगून पेशंटला हसवणारे हे एकटेच.

सरांच्या टेबलाच्या खणात तीन बाटल्या असायच्या, लवंग, कापूर आणि हिंग. नाकात मांसाचे कोंब वाढले की माणसाला वास येईनासा होतो. ऑपरेशननंतर नाक मोकळं झालं की सर त्या बाटल्या एकेक करून पेशंटच्या नाकाखाली धरायचे आणि स्वतः श्वास रोखून वाट बघायचे. जुन्या शहरात नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, करणारे युसूफभाई म्हणून एक उस्ताद होते. वर्षभर त्यांना वास येत नव्हता. देगीत मसाला पडला की मुलाला विचारायचे, "देख, बराबर है क्या?" आणि मुलगा हो म्हणाला की मान खाली घालायचे. स्वयंपाक्यानं दुसऱ्याच्या नाकावर जगायचं म्हणजे काय, हे त्यांच्या तोंडाकडं पाहिलं की कळायचं. ऑपरेशन झालं, जखम भरली. सरांनी लवंगेची बाटली धरली. युसूफभाईंनी हुंगलं, पुन्हा हुंगलं, डोळ्यांतून पाणी आलं.

"आला वास?" सरांनी विचारलं.

"आया साहब," युसूफभाई डोळे पुसत म्हणाले. "मगर ये लौंग पुरानी है. ऐसी लौंग हम देग में नहीं डालते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताज्या लवंगांची पुडी पाठवली, आणि पुडीबरोबर अख्ख्या थिएटरला पुरेल इतका नानखलिया. त्या दुपारच्या केसेस आम्ही सगळ्यांनी जड पोटानं केल्या. सर मात्र पुढं कित्येक दिवस सांगत होते, "माझ्या लवंगेला नाव ठेवलं. ऑपरेशन चांगलं झाल्याची याच्यापरीस मोठी खूण नाय."

मग आमच्याकडं यंत्र आलं. कंपनीचा टायवाला इंजिनिअर दोन दिवस ते समजावत होता. पेशंटचा सीटी स्कॅन आधीच यंत्राच्या पोटात घालायचा. पेशंटच्या कपाळाला एक पट्टा बांधायचा. मग एक सळई चेहऱ्यावर ठिकठिकाणी टेकवून यंत्राला पटवून द्यायचं, की हा चेहरा आणि तो स्कॅन एकाच माणसाचा. एवढं झालं की नाकात सळईचं टोक कुठंही जावो, पडद्यावरच्या स्कॅनमध्ये तिथंच एक निळी फुली उमटते. म्हणजे यंत्र सांगतं, डॉक्टर, आत्ता तुम्ही इथं आहात.

"मोटारीत फोन रस्ता दाखवतो ना सर, तसंच," इंजिनिअर म्हणाला.

"मला फुलंब्रीला जायला फोन लागत नाय," सर म्हणाले. पण डोळे फुलीवर खिळलेले. बराच वेळ सळई हलवून फुली पळवत राहिले, मग आमच्याकडं वळून म्हणाले, "अरे, हा तर मोजणीदार हाय." त्या दिवसापासून त्या महागड्या यंत्राचं नाव मोजणीदार पडलं. कंपनीचं नाव आज आमच्यातल्या कुणालाही सांगता यायचं नाही.

तेव्हाच त्यांनी आम्हाला मोजणीची गोष्ट सांगितली. बांधाचा वाद मिटावा म्हणून त्यांच्या वडिलांनी सरकारी मोजणी मागवली होती. तालुक्याहून मोजणीदार आला. हद्दीचा जुना दगड होता, त्यावरून त्यानं माप धरलं, साखळी टाकली, सगळं नियमानं केलं. आणि सोळुंक्यांच्या रानाची एक पट्टी, विहिरीसकट, शेजाऱ्याकडं गेली. पुढं कळलं की ओढ्याच्या पुरात तो दगडच सरकला होता. "मोजणीदार इमानदार व्हता," सर म्हणाले. "साखळी पण बरोबर व्हती. दगड तेवढा हलला व्हता. वडील पार मरेपर्यंत त्या विहिरीकडं पाठ करून जेवले."

म्हणून सरांच्या थिएटरात एक रिवाज सुरू झाला, जो कंपनीच्या पुस्तकात या थाटात नक्कीच नसणार. पेशंट झोपला की सर आधी स्वतःचं बोट त्याच्या नाकाच्या मुळावर ठेवायचे, मग त्याच जागी सळई टेकवून म्हणायचे, "दगड एक." शकीला सिस्टर पडद्यावर फुली पाहून म्हणायच्या, "बरोबर." डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा. "दगड दोन." "बरोबर." उजव्या डोळ्याचा. "दगड तीन." "बरोबर." हे झाल्याशिवाय नाकात काही जायचं नाही. ऑपरेशनच्या मध्येही शंका आली की पुन्हा एकदा. मला तर सवयीनं असं झालं होतं, की तिसरं 'बरोबर' ऐकल्याशिवाय मी खुर्चीत टेकायचो नाही.

एकदा चादर ओढताना पट्टा जरासा सरकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मध्येच सर थांबले. फुली म्हणत होती अजून पुढं जागा आहे, सर म्हणत होते नाही. त्यांनी दगड तपासले. दुसऱ्या दगडाला फुली डोळ्याच्या कोपऱ्याऐवजी गालावर आली. शकीला सिस्टर 'बरोबर' म्हणाल्या नाहीत. सरांनी सगळी ओळख नव्यानं करून घेतली, काम पुरं केलं, आणि बाहेर आल्यावर एका कागदावर ठळक अक्षरात लिहून तो यंत्राला चिकटवला:

*दगड हलला असेल तर मोजणी खोटी. दगड बरोबर असतील तर मोजणी खरी. मग वाद घालू नये. – दि. सोळुंके*

"स्वतःची सही कशाला, सर?" मी विचारलं.

"उद्या मीच वाद घालीन, म्हणून," ते हसत म्हणाले. आम्हीही हसलो.

आता पुढचं सांगताना माझी जीभ जरा अडखळते, कारण त्यात मी आहे.

सर चहा पिऊन कप टेबलावर ठेवायचे तो टेबलाच्या कडेबाहेर. एकदा पडला, दोनदा पडला. मग मी त्यांची नक्कल बसवली. बोलता बोलता कप हवेत ठेवायचा, तो पडला की टेबलाकडं रागानं पाहायचं, जणू टेबलच सरकलं. नक्कल झकास जमायची. सर स्वतः खळखळून हसायचे आणि नवीन माणूस आला की म्हणायचे, "भूलवाले, कप दाखवा यांना." मग त्यांची शर्टाची बटणं एक घर चुकायला लागली, मी त्याचीही गोष्ट केली. लिहिताना ओळ वर चढायला लागली, मी म्हणालो सर आता डोंगरउताराची शेती करतात. एके दिवशी औरंगपुऱ्यात चपला घ्यायला गेले ते हॉस्पिटलात परत यायला दीड तास लागला. जेमतेम पाच मिनिटांची वाट. "ट्रॅफिक," सर म्हणाले. मी म्हणालो, "सर, मोजणीदाराला बरोबर न्यायचं होतं." सगळे हसले.

शकीला सिस्टर हसल्या नाहीत. त्या दिवसांत त्या सरांच्या हातात प्रत्येक हत्यार टोकाची दिशा नीट लावून, बोटांत बसवूनच द्यायला लागल्या होत्या. मी ते पाहिलं होतं. पण माझ्या गोष्टीत ते बसत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

आणि मग ती वेरूळची बाई आली. लेण्यांच्या वाटेवर तिचं दगडी मूर्तींचं छोटं दुकान. दुसरीकडं दोनदा नाकाचं ऑपरेशन झालेलं, कोंब पुन्हा वाढलेले. आधीच्या ऑपरेशनांत आतल्या खुणा निघून गेलेल्या. सरांच्या भाषेत, बांध मोडलेलं रान. अशा वेळी मोजणीदाराशिवाय आत जाणं म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठानं चालणं.

दगड एक, दगड दोन, दगड तीन. बरोबर, बरोबर, बरोबर. सरांची सहायक डॉ. मानसी समोर उभी होती. मी पेशंटच्या उशाशी. तासभर काम छान चाललं. मग सरांनी सळई एका जागी टेकवली आणि म्हणाले, "हे दार. चिमटा द्या."

मानसी पडद्याकडं पाहत म्हणाली, "सर, फुली छतावर आहे."

"दगड बघा."

दगड पाहिले. तिन्ही बरोबर. सर पुन्हा आत गेले, पुन्हा त्याच जागी. "इथंच हाय दार."

"सर, छत आहे ते."

"पट्टा सरकलाय. बघा."

मानसीनं पट्टा पाहिला, तो जागेवर होता. दगड पाहिले, बरोबर. तिसऱ्यांदा सर आत गेले आणि तिसऱ्यांदा फुली त्याच पांढऱ्या रेषेवर येऊन बसली. त्या रेषेच्या वर मेंदू. मी सरांच्या हाताकडं पाहिलं. हात जराही कापत नव्हता. कापला असता तर बरं झालं असतं. हात पूर्वीसारखाच स्थिर होता, जागा तेवढी दुसरीच होती.

"शकीला," सर म्हणाले, "मला दार दिसतंय गं."

"सर," सिस्टर म्हणाल्या, "दगड बरोबर है."

"दिसतंय मला."

"दगड बरोबर है, सर."

सिस्टरनी कागदाकडं बोट दाखवलं नाही. पाहिलंसुद्धा नाही. सरांनीच पाहिलं. स्वतःचं अक्षर, स्वतःची सही. किती वेळ पाहत होते मला सांगता येणार नाही. त्या काळात त्या बाईची नाडी मी मोजत होतो, आणि तेवढंच काम मला जमण्यासारखं होतं. मग सरांनी दुर्बीण अगदी सावकाश, वाटेत कुठं न लागता बाहेर काढली.

"मानसी, ये हिकडं."

त्यांनी जागा सोडली. पण थिएटर सोडलं नाही. मानसीच्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी मला दाखव मी कुठं व्हतो." तिनं सळई तिथं टेकवली. कांद्याच्या पापुद्र्याएवढं छत. सरांनी मान हलवली. "चल. वाद घालू नये." मानसीनं काम पुरं केलं. पंधरा दिवसांनी त्या बाईला कापराचा वास आला, तेव्हा बाटली मानसीनं धरली होती.

पण त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी गेलो, तर सर बाकावर बसून होते. शर्टाच्या बाहीत हात घालायचा प्रयत्न करत होते आणि हात बाहीच्या बाहेरून जात होता. मी बाही धरली. माझ्याकडं न पाहता त्यांनी विचारलं, "भूलवाले, तुम्हाला कधीपासून दिसत व्हतं?"

माझ्याकडं नेहमी एखादा विनोद तयार असतो. त्या दिवशी नव्हता.

"कपापासून," मी म्हणालो.

"मग सांगायचं नाय व्हय." आवाजात राग नव्हता. बाहीतून हात बाहेर काढत म्हणाले, "लई हसलो पण आपण त्या कपावर."

आठवड्यानं त्यांनी स्वतःच्या मेंदूची फिल्म आणली आणि पेशंटला दाखवायचे तशीच उजेडावर धरली. उलटी. सिस्टरनी ती सुलट केली. डोळे शाबूत, पण डोळ्यांना दिसलेलं कुठं आहे हे ठरवणारा मेंदूचा मागचा भाग वाळत चाललेला. इलाज नाही. "हा वाफा सुकलाय," सर बोट फिरवत म्हणाले, आणि बोट भलत्याच ठिकाणी होतं. राजीनामा शकीला सिस्टरनी लिहिला. सरांची सही कागदावरून घसरून टेबलावर गेली. सिस्टरनी टेबलावरची शाई पुष्कळ दिवस पुसू दिली नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या सिडकोतल्या घरी जायचं टाळलं. कारणं माझ्याकडं नेहमीच तयार असतात. शेवटी गेलो तेही माझ्या नाकापायी. रात्री झोपेत श्वास अडकायला लागला होता, घरच्यांनी तंबी दिली होती, आणि मानसीकडून मी तारीख घेतली होती. "हाड आणि पडदा, दोन्ही सरळ करून टाकते," ती म्हणाली होती. म्हटलं, ही बातमी सरांना आपण स्वतः द्यावी. अठरा वर्षं मागं लागले होते, खूश होतील.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, दार उघडलं आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून आत गेल्या. सर खुर्चीत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, बघू ओळखतात का. खोड जात नाही माणसाची. सर माझ्याकडं पाहत राहिले, खरं म्हणजे माझ्या खांद्याजवळच्या भिंतीकडं. त्यांच्या डोळ्यांत मी कुठंच उमटत नव्हतो.

मग ते उठले. त्यांचा हात हवेत चाचपडत वर आला, माझ्या कपाळाला लागला, आणि तिथून बोट आपोआप खाली उतरून नाकाच्या मुळावर थांबलं. मग डाव्या डोळ्याचा कोपरा. मग उजव्या डोळ्याचा. बोट परत नाकाच्या हाडावर आलं, हाडावरून खाली सरकलं आणि जिथं ते वळतं तिथं अडलं. त्यांचं तोंड उजळलं.

"सायकल," ते म्हणाले.

"व्हय सर," मी म्हणालो.

"काय भूलवाले, कधी बसताय टेबलावर?"

तारखेचा कागद माझ्या खिशात होता. "बघू सर," मी म्हणालो. "मुलीची परीक्षा आहे."

"अजून परीक्षाच व्हय?" म्हणून ते हसले. मुलगी केव्हाच लग्न होऊन गेलीय. आम्ही चहा घेतला. कप त्यांच्या हातातून वहिनी घेत होत्या. युसूफभाई वारले म्हणून मी सांगितलं, तर सर म्हणाले, "माझी लवंग जुनी म्हणला व्हता तो." बराच वेळ बसलो. निघालो तर ऐकेनात, फाटकापर्यंत पोचवायला आले. वहिनी हळूच म्हणाल्या, "येऊ द्या. त्यांनी त्यांची वाट बसवलीय."

फाटकाबाहेर येऊन मी मानसीला फोन लावला. म्हणालो, "माझं रद्द कर."

"घाबरलात ना सर?"

"व्हय. झोपेत घुसमटलो तरी चालेल, पण हे हाड आहे तसंच राहू दे."

ती पुढं काय बोलली ते मी ऐकलं नाही, कारण सर माघारी निघाले होते. फाटकाच्या खांबावर हात ठेवून ते म्हणाले, "दगड एक." चार पावलांवर जास्वंदीचं झाड होतं, त्याच्या खोडाला हात लावला. "दगड दोन." मग पायरीचा कठडा. "दगड तीन." आणि तिथंच उभे राहिले. दार समोर उघडं होतं, तरी जाईनात. आत कुकरची शिट्टी झाली. वहिनींना ऐकू गेलं नसावं. सर कठडा धरून, मान जराशी तिरकी करून, वाट पाहत होते.

मी रस्त्यावरून ओरडलो, "बरोबर."

सर आत गेले.